थिएटरच्या रिमोटने मान टाकली, साधा घेऊन भागेल का?

यावेळी पत्रं तीनच घेतलीत, कारण पहिलं पत्र मोठं आणि त्याचं उत्तर त्याहून मोठं झालं. बाकीच्यांनी रागावू नका, पुढच्या अंकात घेतो.

प्रश्न : नमस्कार दादा. फोंड्याजवळ आमचं जुनं घर आहे, वर माडीवर २०१४ साली नवऱ्याने होम थिएटर करून घेतलं. तो बोटीवर असतो, सुट्टीवर आला की त्याचं तेवढंच वेड. मुंबईच्या एका माणसाने सगळं बसवलं, एप्सनचा प्रोजेक्टर, मोटरचा पडदा, डेनॉनचा रिसीव्हर (सगळे डबे ज्याला जोडतात आणि जो स्पीकरना आवाज देतो तो), ब्लू-रे प्लेअर आणि तेव्हाच्या टाटा स्कायचा बॉक्स. पडदा आणि प्रोजेक्टर सोडून सगळं एका बंद कपाटात आहे, दार उघडावं लागत नाही. टच स्क्रीनचा एक मोठा रिमोट दिला होता, त्यावर ‘सिनेमा’, ‘क्रिकेट’, ‘गाणी’ अशी बटणं, एक दाबलं की पडदा खाली, प्रोजेक्टर चालू, आवाज चालू, सगळं आपोआप. मागाहून आम्ही फायर स्टिक लावली, तिचा रिमोट मात्र वेगळाच राहिला. आता या पावसात मोठ्या रिमोटची स्क्रीन अर्धी काळी झाली, खालची खरी बटणं तेवढी चालतात. बसवणारा फोन उचलत नाही. इथल्या दुसऱ्या एकाला बोलावलं तर तो म्हणाला याची फाईल माझ्याकडे नाही, सगळी नवीन सिस्टीम घाला, आणि आकडा ऐकून मी त्याला चहा देऊन परत पाठवला. ऑनलाईन चार-पाच हजाराचे युनिव्हर्सल रिमोट दिसतात, तसला घेतला तर चालेल का? सासरे ७६ वर्षांचे आहेत, त्यांना फक्त मॅच बघायची असते. चवथीला सगळं घर जमणार आणि नवरा डिसेंबरात येणार, म्हणजे हे मलाच निस्तरायचं आहे.
– एक वाचक, फोंडा

उत्तर : ताई, चहा देऊन परत पाठवलंत ते बेस्ट केलंत. साधा रिमोट चालेल, पण आज रात्री ऑर्डर करू नका, आधी दोन दिवस माझं ऐका.

तुमचा मोठा रिमोट म्हणजे नुसता रिमोट नव्हता. यूआरसी, आरटीआय, कंट्रोलफोर वगैरे कंपन्या इन्स्टॉलर लोकांसाठी असे रिमोट बनवतात, त्यांचं प्रोग्रामिंगचं सॉफ्टवेअर डीलरकडे असतं, गिऱ्हाइकाकडे नाही, आणि तुमच्या घरासाठी केलेली फाईल त्या माणसाच्या लॅपटॉपमध्ये पडलेली असते. रिमोट नवा आणता येतो हो, पण ‘क्रिकेट’ दाबल्यावर आधी काय चालू करायचं, मग किती सेकंद थांबायचं, मग कुठला इनपुट लावायचा, हे जे त्याने दोन दिवस खपून तुमच्या घरात बसून लिहिलं ते नव्या रिमोटच्या खोक्यात येत नाही. ते तुम्हाला कागदावर उतरवून घ्यायचं आहे. आणि ते जुना रिमोट अर्धामुर्धा का होईना जिवंत आहे तोवरच, म्हणून म्हणतो तो फेकू नका, मुलांना खेळायला तर मुळीच देऊ नका.

नवऱ्याला सांगा की त्या इन्स्टॉलरला बोटीवरून एक शेवटचा व्हॉट्सॲप टाक, ‘धंदा बंद केला असेल तरी हरकत नाही, आमच्या रिमोटची फाईल तेवढी ईमेल कर’. कधी कधी लोक देतात, पैसे द्यायचे नसतील तर जास्तच देतात. फाईल आली तर दुसरा कोणी डीलर तोच किंवा त्याच घराण्यातला रिमोट आणून भरून देऊ शकतो, मग पुढचं सगळं वाचायची गरजच नाही.

फाईल नाही आली असं धरून चालू. एक वही घ्या, कपाटाचं दार सताड उघडा, आणि चालतात ती बटणं एकेक दाबून बघा की कुठल्या डब्याचा दिवा लुकलुकतो, पडदा हलतो का, प्रोजेक्टर काय करतो. सगळं लिहून ठेवा. रिसीव्हर कुठल्या इनपुटवर असला की मॅच दिसते आणि कुठल्यावर ब्लू-रे, तेही लिहा, डेनॉनवर बहुधा सीबीएल-सॅट (म्हणजे केबल किंवा डिशचा बॉक्स), ब्लू-रे, मीडिया प्लेअर अशी नावं दिसतील. दुसरं काम म्हणजे मूळ रिमोट शोधणं. प्रत्येक वस्तूबरोबर तिचा स्वतःचा रिमोट आलेला असतो, बसवणारे लोक ते सगळे एका खोक्यात भरून “हे आता लागणार नाहीत” म्हणून माळ्यावर टाकायला लावतात. तुमच्याकडेही असणार, माटोळीच्या लाकडी चौकटीच्या मागे वगैरे बघा. ते सापडले की अर्धी लढाई जिंकलात, कारण नवा रिमोट त्यांच्याकडूनच शिकणार आहे.

आता जिथे घोडं पेंड खातं ती गोष्ट, आणि ही न बघता लोक रिमोट घेतात आणि मग परत पाठवतात. तुमचं सामान बंद कपाटात आहे तरी रिमोट चालायचा, म्हणजे तो सिग्नल आत कसा जायचा? दोन शक्यता. एक, कपाटाबाहेर कुठेतरी काळा छोटा डोळा बसवलेला असेल, तो इन्फ्रारेड, म्हणजे साध्या रिमोटचा न दिसणारा प्रकाश, घेतो आणि वायरीने आत पोचवतो, आत प्रत्येक डब्याच्या तोंडावर तोच प्रकाश पाडणारा एक बारीकसा दिवा, म्हणजे एमिटर, चिकटवलेला असतो. हे असेल तर तुमचं नशीब थोर, कुठलाही साधा रिमोट त्या डोळ्याकडे धरा, चालेल. दुसरी शक्यता म्हणजे रिमोट रेडिओवर बोलतो आणि कपाटात त्याचा एक बेस स्टेशन डबा आहे, त्यालाच त्या एमिटरच्या वायरी लावलेल्या आहेत. तसं असेल तर तो डबा फक्त आपल्या मालकाचं ऐकतो, बाजारातला साधा रिमोट त्याच्यासमोर कितीही नाचवला तरी ढिम्म हलणार नाही.

कसं ओळखायचं? फोनचा सेल्फी कॅमेरा चालू करा, मोठ्या रिमोटचं टोक त्याच्याकडे धरून बटण दाबा. इन्फ्रारेड डोळ्याला दिसत नाही पण बऱ्याच फोनच्या पुढच्या कॅमेऱ्याला जांभळट-पांढरा ठिपका लुकलुकताना दिसतो (मागच्या कॅमेऱ्यात पुष्कळदा फिल्टर असतो, म्हणून पुढचाच). आधी घरातल्या टीव्हीच्या रिमोटवर करून बघा म्हणजे तुमचा कॅमेरा पकडतो की नाही ते कळेल. ठिपका दिसला नाही आणि शेजारच्या खोलीतूनसुद्धा रिमोट चालत असेल तर तो रेडिओचा, खूणगाठ बांधा. आमच्या मावशीकडे असाच होता, एका चवथीला खाली आरती चालू, स्वयंपाकघरात कोणीतरी रिमोटवर बसलं, आणि गणपतीच्या मागच्या भिंतीवर घर्र करत शंभर इंची पडदा उतरला. आजीने हात जोडले, तिला वाटलं हे नवीन डेकोरेशन आहे.

रेडिओचा निघाला तरी घाबरू नका. आय.आर. (म्हणजे इन्फ्रारेड) रिपीटर नावाचं किट मिळतं, त्यात तोच तो बाहेरचा डोळा आणि आतला डबा असतो, आणि तुमच्या जुन्या एमिटरच्या वायरी सहसा ३.५ मिलिमीटर पिनच्याच असतात त्यामुळे त्या उपटून नव्या डब्यात खोचल्या की बहुतेक वेळा काम होतं. चिकटवलेले एमिटर मात्र ओढून काढू नका, त्यांची जागा कोणीतरी अर्धा तास खर्चून शोधलेली असते.

मग घ्यायचा कुठला? पाच-सहा वर्षांपूर्वी विचारलं असतंत तर डोळे मिटून लॉजिटेकचा हार्मनी म्हणालो असतो. इन्स्टॉलरचं काम घरच्या माणसाला जमेल इतकं सोपं करून दिलं होतं त्यांनी, पण एप्रिल २०२१ मध्ये कंपनीने हार्मनी बनवणं बंद केल्याचं जाहीर केलं. सेकंडहँड मिळतात आणि लोक अजून वापरतात, पण आपल्या हवेत कोणी पाच वर्षं वापरलेल्या रिमोटची बॅटरी आणि चार्जिंगच्या पिना काय अवस्थेत असतील ते मी तुम्हाला सांगायला नको. (ऐकून गंमत वाटेल, ॲपलवाल्या स्टीव्ह वॉझ्नियॅकने १९८७ मध्ये असाच एक रिमोट काढला होता, कोअर नावाचा, तो बनवणाऱ्यालाच जास्त कळायचा.) आज त्या जागी सोफाबॅटन हे नाव ऐकू येतं, त्यातला हबवाला, म्हणजे रिमोटबरोबर सिग्नल पाठवणारा वेगळा डबा येतो तो, एक्सवनएस इन्फ्रारेड आणि ब्लूटूथ दोन्ही बोलतो, आणि तुमच्या घरात ब्लूटूथ का महत्त्वाचं तर फायर स्टिकला इन्फ्रारेडचा डोळाच नसतो, तिचा रिमोट ब्लूटूथवर चालतो. चार हजाराचा निव्वळ इन्फ्रारेड रिमोट घेतला तर बाकी सगळं चालेल आणि फायर स्टिक तेवढी रुसून बसेल. पण हबवाला चार-पाच हजारात येत नाही हे आधीच सांगतो, आणि तो सेट करायला ॲप, वायफाय, अकाउंट हे सगळं आलं. तुमचा राउटर खालच्या मजल्यावर असेल आणि मध्ये जुन्या चिऱ्याच्या हातभर जाड भिंती, तर माडीवर कपाटाजवळ वायफाय पोचतंय का हे हब घेण्याआधी फोन घेऊन उभं राहून बघा.

माझं मत विचाराल तर सासऱ्यांसाठी आणि चवथीसाठी साधा लर्निंग रिमोट घ्या, म्हणजे दुसऱ्या रिमोटकडून बटणं शिकणारा, आणि ज्यात एका बटणात चार-पाच आज्ञा ओळीने भरता येतात असा, त्याला मॅक्रो म्हणतात, खोक्यावर हा शब्द आहे का बघून घ्या. फायर स्टिकचा रिमोट वेगळाच राहू दे, इतकी वर्षं राहिलाय की. हबचा विचार नवरा आल्यावर त्याला करू द्या, वेड त्याचं आहे.

शिकवताना दोन्ही रिमोट टेबलावर समोरासमोर ठेवा, टोकाला टोक, मध्ये दोन-तीन इंच, वर खिडकीचं ऊन किंवा सीएफएल नको, हे रिमोट सेकंदाला साधारण ३८ हजार वेळा लुकलुकत असतात आणि बाहेरचा प्रकाश त्यात घाण करतो. बटण थोडकंच दाबायचं, धरून ठेवायचं नाही, नाहीतर आवाजाचं बटण एकदा दाबलं की दहा घरं वर जातं.

मॅक्रो मात्र नीट समजून करा, कारण आपल्याकडे लाईट जाते. पुण्या-मुंबईचा कोणी हे सांगणार नाही. बऱ्याच वस्तूंच्या पॉवर बटणाला एकच आज्ञा असते, चालू असेल तर बंद कर, बंद असेल तर चालू कर. रिमोट बिचारा आंधळा, त्याला कळत नाही समोरचा डबा कुठल्या अवस्थेत आहे. आता समजा पावसात लाईट गेली आणि आली. रिसीव्हर झोपलेला राहिला, पण सेट टॉप बॉक्स कुठले कुठले स्वतःहून उठून बसतात. तुम्ही ‘क्रिकेट’ दाबलं, रिसीव्हर उठला आणि बॉक्स झोपला. पुन्हा दाबलं, रिसीव्हर झोपला, बॉक्स उठला. सासरे खाली येऊन म्हणतात मशीन बिघडलं, आणि मशीन तर ठणठणीत आहे. तुमच्या मुंबईवाल्याने यावर उपाय केलेला असणार, ‘फक्त चालू’ आणि ‘फक्त बंद’ अशा वेगवेगळ्या आज्ञा वापरून, त्याला डिस्क्रीट कोड म्हणतात. डेनॉनच्या बऱ्याच मूळ रिमोटवर चालू आणि बंद ही दोन बटणं वेगळी असतात, तसं असेल तर दोन्ही शिकवून घ्या. टाटा प्लेच्या बॉक्सला मॅक्रोत पॉवर घालूच नका, त्याला सदा चालूच राहू दे, वीज किती खातो तो. नाहीतर लाईट आली की सगळं कपाट एका स्विचने बंद करून पुन्हा चालू करायचं, हा गावठी उपाय आहे पण मी स्वतः करतो.

एप्सनची एक खोड लक्षात ठेवा, चालू करायला पॉवर एकदा, बंद करायला दोनदा, कारण पहिल्यांदा दाबल्यावर तो पडद्यावर विचारतो खरंच बंद करू का. म्हणजे बंदच्या मॅक्रोत पॉवर, मग एक-दोन सेकंद थांबा, मग परत पॉवर. आणि चालू झाल्यावर दिवा तापेपर्यंत तो कोणाचं ऐकत नाही, त्यामुळे इनपुट बदलायची आज्ञा सगळ्यात शेवटी आणि अर्धा मिनिट थांबून. मॅक्रोत थांबायची सोय नसेल तर मी म्हणेन इनपुट मॅक्रोत घालूच नका, प्रोजेक्टर एकदाच रिसीव्हरच्या एचडीएमआयवर लावून ठेवा आणि तिथेच ठेवा, पुढचं अदलाबदल रिसीव्हरच करतो. हे केलं की ‘क्रिकेट’ म्हणजे काय उरतं, प्रोजेक्टर चालू, रिसीव्हर चालू, रिसीव्हर सीबीएल-सॅटवर. तीन आज्ञा. संपलं.

पडद्याचं राहिलं. एक बघा, पडदा रिमोटने खाली येतो की प्रोजेक्टर लागला की मागोमाग आपोआप? प्रोजेक्टरच्या मूळ रिमोटने तो चालू करून बघा. चांगले इन्स्टॉलर प्रोजेक्टरच्या १२ व्होल्ट ट्रिगरमधून (प्रोजेक्टर लागला की आपोआप इशारा देणारं मागचं भोक) पडद्याच्या मोटरला वायर नेतात, मग रिमोटला पडद्याची काळजीच नाही. तसं नसेल तर पडद्याचा स्वतःचा छोटा रिमोट शोधा, पण तो जर रेडिओचा असेल तर तुमच्या लर्निंग रिमोटला शिकवता येणार नाही, तो इन्फ्रारेडच शिकतो. ब्रॉडलिंकचा आरएमफोर प्रो नावाचा डबा काही रेडिओ रिमोट शिकतो खरा, पण मोटर सोम्फीच्या आरटीएस जातीची असेल तर त्याचाही उपयोग नाही, एकतर ती नेहमीपेक्षा जरा वेगळ्या, ४३३.४२ मेगाहर्ट्झवर बोलते आणि वर दर वेळी कोड बदलते, नक्कल करून चालतच नाही. मग सरळ तो छोटा रिमोट भिंतीला खिळा ठोकून दोरीने टांगा. हसू नका, दोरीला टांगलेला रिमोट हरवत नाही.

अजून एक, फुकटातलं. डेनॉनच्या सेटअपमध्ये एचडीएमआय कंट्रोल चालू करून बघा, आणि फायर स्टिकमध्येही डिव्हाईस कंट्रोल. याला सीईसी म्हणतात, प्रत्येक कंपनी आपलं वेगळं बारसं करते, सॅमसंगचं एनीनेट प्लस, सोनीचं ब्राव्हिया सिंक, एलजीचं सिंपलिंक, पण एचडीएमआयच्या त्याच वायरीतून डबे एकमेकांशी बोलतात एवढंच. चाललं तर फायर स्टिक उठवली की रिसीव्हर आपसूक उठतो आणि स्वतः त्या इनपुटवर जातो. कधी कधी उगाच नको तेव्हा पण उठतो, तसं झालं तर बंद करून टाका, मनाला लावून घेऊ नका.

सासऱ्यांच्या रिमोटवर लागतील तेवढीच बटणं मोकळी ठेवा, म्हणजे ‘क्रिकेट’, आवाज, चॅनल वर-खाली आणि बंद, बाकीच्यांवर रंगीत टेप लावा. पन्नास बटणं बघून त्यांचा हात थरथरतो, वयामुळे नाही. चवथीच्या निदान आठ दिवस आधी त्यांच्याच हातात देऊन तुम्ही गप्प बसा आणि ते कुठे अडतात ते बघा, सांगू नका.

प्रश्न : रेडमीच्या फोनला वर रिमोटचा लाल दिवा असतो म्हणे, त्याने टीव्ही, एसी सगळं चालतं. मग वेगळा रिमोट कशाला घ्यायचा?
– डिचोलीहून एक वाचक

उत्तर : तुमच्या मॉडेलला आहे का ते आधी बघा, सगळ्यांना नसतो. असेल तर अडीअडचणीला झकास, मी स्वतः पणजीत एका लॉजवर त्यानेच एसी चालवलाय. पण रोजच्याला नको, फोन आला की तुम्ही बाहेर जाता आणि घरच्यांना आवाज कमी करता येत नाही. एसीचं अजून एक, एसीचा रिमोट प्रत्येक वेळी तापमान, पंखा, मोड सगळं एकत्रच पाठवतो, म्हणून टीव्हीसारखं एकेक बटण शिकवायला गेलात तर गोंधळ होतो, त्यासाठी ॲपमध्ये एसीची कंपनी आणि मॉडेल निवडूनच घ्यावं लागतं.

प्रश्न : पेडण्यात आमचे दोन होमस्टे आहेत. पाहुणे जाताना टीव्हीचे रिमोट बॅगेत घालून नेतात, मुद्दाम नाही म्हणा, कपड्यात जातात. दर सीझनला चार-पाच. काय करायचं?
– होमस्टेवाले

उत्तर : मूळ रिमोट पाहुण्यांना देऊच नका. एक लर्निंग रिमोट घ्या, मूळच्याकडून शिकवा, चांगले चार तसेच करून ठेवा, आणि मूळ रिमोट तुमच्या कपाटात कुलपात. बऱ्याच टीव्हींमध्ये हॉटेल मोड असतो, त्यात जास्तीत जास्त आवाज बांधून ठेवता येतो, शेजारचे पण आशीर्वाद देतील. त्या मोडचा पासवर्ड वहीत लिहून ठेवा, मी नव्हता ठेवला आणि तेव्हापासून माझा स्वतःचा टीव्ही वीसच्या वर ओरडत नाही.